नात्याबाहेरचे गिऱ्हाईक

बालाघाटहून लांजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या मामाजींशी ज्याचे नाते निघत नाही, असा माणूस अजून जन्मायचा आहे. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, किरनापूरचे. वयाने माझ्याहून थोडेच मोठे, पण मानाने सासरे. अनोळखी माणूस समोर आला की त्याचे नाव विचारण्याआधी ते त्याच्या आजीचे माहेर विचारत. आजीवर भागले नाही तर आजीच्या बहिणीवर, तिथेही जमले नाही तर थोरल्या जावेच्या भावावर जात, आणि चहा निवायच्या आत समोरचा माणूस त्यांचा भाचा, साडू नाहीतर व्याही होऊन बसे. एकदा बसमध्ये तिकिटावरून त्यांचे कंडक्टरशी भांडण जुंपले. मध्ये पडायला मी जागेवरून उठेपर्यंत कंडक्टर त्यांच्या पाया पडत होता. तो त्यांच्या चुलत मेहुणीचा नातू निघाला होता.

अशा माणसाला मी कमिशनवर एजंट नेमले. माझे बालाघाटला लोखंडी आलमाऱ्यांचे दुकान होते, मागे छोटा कारखाना. आमच्याकडे मुलीला आंदण म्हणून आलमारी देतात, तेव्हा गावोगावची लग्नघरे गाठायला माणूस हवा होता. पगार नाही, प्रवासखर्च नाही. माल खपेल तसे कमिशन, तेही गिऱ्हाइकाची सगळी रक्कम जमा झाल्यावर. बाकीच्या एजंटांनी स्टॅम्पपेपरवर न वाचता सह्या ठोकल्या. मामाजींनी चष्मा पुसून तो नीट वाचला आणि म्हणाले, "जावाईबापू, याच्यात एक गोष्ट राह्यली. नात्यातल्या माणसावर मी दलाली खात नाही. माझा हिस्सा त्याच्या भावातून कमी करा. तसं लिहा."

"मामाजी, धंद्यात असं चालत नाही."

"मंग दुसरा एजंट पाहा. उद्या त्या पोरीच्या मांडवात मी कोणत्या तोंडानं जेवू?"

मी हसत हसत तसे कलम घातले. नात्यातले असून असून किती असतील, असे मला वाटले.

मामाजींची विकण्याची रीत अशी की घरात शिरल्यावर ते आलमारीचे नावच काढत नसत. आधी नाते निघे. नाते निघाले की हक्क आला, आणि हक्काने रागावणे आले. "पोरीले पत्र्याची पेटी देऊन राह्यला? तिच्या सासरचे तिले काय म्हणतीन?" कोणी आरशाची आलमारी मागितली तर त्यालाही बोलणी बसत. "आरसा कायले? पोरगी काम करीन का तोंड पाहात बसन?" आरशाचे जादा पैसे मला मिळायचे, पण ते सांगणार कोण? मग मुलीचा बाप टेम्पो घेऊन दुकानात येई आणि म्हणे, "आम्ही मामाजींचे पाहुणे." महिनाअखेर मामाजी हिशेबाला येत, जेवत, आणि हात पुसत सांगत, "या महिन्यात परका कोणी भेटलाच नाही." सगळ्या काळात त्यांना एकच खरा परका सापडला, बदली होऊन आलेला एक केरळी बँकवाला. त्याचे कमिशन त्यांनी मोठ्या आनंदाने नेले, आणि राखी पौर्णिमा झाल्यावर परत आणून दिले. "त्याच्या बायकोनं मले राखी बांधली. आता हे ठेवता येत नाही."

यातली मामाजींची नाती आणि ती राखी एवढे आमच्या घरात हसून सांगितले जाते; माल त्यांच्यामुळे खपे, हे मी दुकानाबाहेर जाऊ दिले नाही. पुढचेही मी कोणाला सांगितले नव्हते. मामाजींच्या पाहुण्यांना मी म्हणायचो, "तुमच्यासाठी भाव कमी करूनच सांगितला आहे." तो भाव सगळ्यांसाठी होता तोच असे. म्हणजे मामाजींना कमिशन नाही, गिऱ्हाइकाला सूट नाही. तो हिस्सा माझ्या गल्ल्यात राही. मामाजी विचारत, "कमी केले ना, जावाईबापू?" मी म्हणे, "हौ मामाजी." जावयाला तीच गोष्ट पुन्हा विचारायची त्यांच्याकडे रीत नव्हती.

पुढे एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारले की मामाजींची एजंटी कशी चालली आहे. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "एजंटी कसली? नुसते जेवून जातात." पंगत हसली, मामाजीही हसले. त्या दिवसापासून घरात त्यांचे नाव 'बिनविक्रीचे एजंट' पडले. करार संपला तेव्हा मी तो पुढे चालवला नाही, आणि ते सगळ्यांना रास्तच वाटले.

आता दुकान मुलगा पाहतो. त्याच्या एजंटांचे कमिशन मोबाईलवर त्याच संध्याकाळी जमा होते. गेल्या हिवाळ्यात जेवताना तो म्हणाला, "बाबा, किरनापूर साइडला एजंट पाहिजे. पण मामाजींसारखा नको. त्यांना एक आलमारी खपवता आली नाही." मी त्याला सगळे सांगितले, गल्ल्यात राहिलेल्या त्या हिश्श्याचे पैसे मोजून घेतले आणि किरनापूरची बस पकडली.

मामाजी अंगणात चिंच फोडत बसले होते. माझे ऐकून घेतल्यावर त्यांनी चिंचोके बाजूला सारले. मग म्हणाले, "म्हणजे मी लोकायले खोटं सांगितलं."

"खोटं मी बोललो, मामाजी."

"तुमचं तोंड कोणी पाह्यलं होतं? ते तं माझ्या बोलण्यावर आलते."

मी पैशांचे पाकीट पुढे केले. ते नाही म्हणतील असे वाटले होते, पण त्यांनी ते लगेच घेऊन खिशात घातले. मला हलके वाटले. त्यांचे पैसे त्यांना पोचले, असे समजून मी परतलो.

नंतर किरनापूरकडच्या एका माणसाचा फोन आला. म्हणाला, "दादाजी, कमाल केली तुम्ही. इतक्या वर्षांनी माझ्या बहिणीच्या आलमारीचे जास्तीचे पैसे परत पाठवले. मामाजी म्हणाले, हिशेबात राहून गेलते, जावायाले झोप नोहती येऊन राह्यली." मामाजी शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून घरोघर फिरत होते. जिथे मुलीचा बाप राहिला नाही तिथे भावाच्या हातावर पैसे ठेवत होते.

मी त्यांना फोन केला. "मामाजी, काहून असं सांगितलं? खरं सांगायचं होतं."

"जावायाचं नाव कोणी खराब करते का?" ते म्हणाले आणि मुलांची खुशाली विचारू लागले.

हल्ली बसस्टँडवर किरनापूरकडची माणसे मला मुद्दाम थांबून नमस्कार करतात, चहाचा आग्रह करतात. घरच्या कार्यात मात्र मामाजींचे नाव अजून बिनविक्रीचे एजंटच आहे, आणि त्या नावाने हाक मारली की ते हसतात. म्हणून हे लिहून ठेवतो. त्या रस्त्यावरच्या घरांत माझ्या दुकानाच्या ज्या आलमाऱ्या आहेत, त्या मामाजींनी विकल्या. घरच्या सगळ्यांनी हे वाचावे. मामाजींना मात्र वाचून दाखवू नये. त्यांना राग येईल, आणि जावयावर रागावता येत नाही म्हणून ते नुसते गप्प बसून राहतील.