काकूंची सॅक

"रड ना! कोण नाही म्हणतंय? फक्त चालता चालता रड."

काकूंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या ईडन प्रेरी गावातल्या तळ्याकाठी, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता तेव्हा. माझा गुडघा ठणकत होता आणि मी बाकावर बसून नशिबाला बोल लावत होते. काकूंनी हातानेच 'ऊठ' अशी खूण केली, हे वाक्य टाकलं आणि बाई पुढे चालू लागल्यासुद्धा. मीही उठले. चरफडत उठले, पण उठले.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, प्रेमाने बोलतंय की दटावतंय तेच कळत नाही. काकूंच्या बाबतीत त्याला कारण होतं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून त्या थेट मिनेसोटाच्या थंडीत आल्या आणि जन्मभर लहान मुलांची डॉक्टरी केली. सुई टोचताना पोरांना सांगायच्या, "रडायचं तर रड, हात हलवू नको." रिटायर झाल्या, दवाखान्यातली पोरं संपली, मग शेजारी तावडीत सापडले. त्यांचं घर आमच्यापासून तीन घरं सोडून, तेव्हा सगळ्यात आधी मीच सापडले.

उंची जेमतेम माझ्या खांद्याइतकी. डोक्यावर मुलाच्या कॉलेजची विटलेली टोपी. काका गेले आणि त्यानंतर त्यांना चालण्याचा नाद लागला. नाद म्हणजे अगदी वेड. हिवाळ्यात कम्युनिटी सेंटरच्या ट्रॅकवर पाठीला सॅक लावून गोल गोल फिरायच्या, आणि सॅकमध्ये बासमतीची मोठी पिशवी. ते ओझं अंगवळणी पडलं की त्यात तूरडाळीची भर. कुणी विचारायचं, "काय काकू, ग्रोसरी करून आलात?" की म्हणायच्या, "नाही बाप्पा, ग्रोसरीला फिरवून आणते."

चालायच्या मात्र हळू. आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये सगळ्यात हळू. आणि तरीही सगळ्यात पुढे त्याच! माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, ते पहिल्या दिवशी सहन झालं नाही. त्याच्या मनगटावर वेग मोजणारं घड्याळ असतं आणि तो त्याच्याकडे देवाच्या फोटोकडे बघावं तसं बघतो. तो म्हणाला, "काकू, तुम्ही मागून या ना सावकाश. आम्ही थांबतो पुढे."

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. "हे बघ प्रशांत. तुम्ही पुढे जाऊन थांबता, पाणी पिता, गप्पा मारता. मी धापा टाकत पोचले की तुम्ही म्हणता, 'चला, झाली विश्रांती.' तुमची झाली! माझी कुठे झाली? हळू माणूस पुढे ठेव, मग कोणी मागे राहत नाही."

त्या दिवसापासून तो नियमच झाला. आणि गंमत म्हणजे ग्रुपमधली मधेच गळणारी माणसं गळायची थांबली. मीसुद्धा.

आता मुद्द्याचं सांगते. काकूंचा एकुलता एक मुलगा समीर कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला. पंचेचाळिशीचा, मोठ्या हुद्द्यावरचा, स्वभावाने गुणी. काका गेल्यापासून त्याचं एकच पालुपद, "आई, सेल द हाउस. इकडे ये." खालच्या मजल्यावरची खोली आईसाठी रंगवून ठेवलेली, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवलेल्या. काकूंना ते घर सोडायचं नव्हतं. पण त्याला नुसतं 'नाही' म्हणून भागत नव्हतं, कारण तो ओरडत नसे, काळजी करत असे. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. काळजी करणाऱ्याला काय देणार?

शेवटी काकूंनीच पैज लावली. अलास्काला जायचं. दोन मुक्काम डोंगरावरच्या हटमध्ये, शेवटचा खाली फियॉर्डच्या काठावरच्या केबिनमध्ये. फियॉर्ड म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेला समुद्र. "माझी सॅक मी शेवटच्या दारापर्यंत स्वतः नेली, तर मी माझ्या घरी राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही नेली, तर घर विकून तुझ्याकडे येईन. हूं की चूं करणार नाही." समीर म्हणाला, "फाइन. पण मी पण येणार." साक्षीदार म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको. मला डोंगराची काडीची हौस नाही हो, पण काकूंना 'नाही' कोण म्हणणार!

पहिल्या दिवसापासून समीर त्यांच्या पाठोपाठ, एक हात अर्धवट पुढे. नुकतं चालायला लागलेल्या बाळामागे बाप चालतो ना, तसा. काकू पाठीमागे न बघता म्हणायच्या, "हात खाली कर रे, दुखेल."

हट म्हणजे लाकडाची एक मोठी खोली. भिंतीला लागून फळ्यांचे ओटे, मध्ये लोखंडी शेगडी. अनोळखी माणसांशेजारी आपापली स्लीपिंग बॅग पसरायची. निघताना पुढच्यांसाठी लाकडं फोडून ठेवायची, अशी तिथली रीत. आम्ही पाकिटात गरम पाणी ओतून काहीतरी लगदा खात होतो, तेवढ्यात काकूंनी छोट्या बाटलीतलं तूप काढलं, जिरं काढलं, हिंग काढला.

समीर ताडकन उठला. "आई, नो फोडणी! इथे अस्वलं आहेत."

"अस्वलाला हिंग आवडत नाही."

"हाउ डू यू नो?"

"अरे, पहिल्यांदा कोणालाच आवडत नाही."

शेजारच्या ओट्यावरचं विस्कॉन्सिनचं जोडपं आधी नाकाला रुमाल लावून बसलं होतं. मग वास बदलला आणि ते हळूच वाटी घेऊन आले. समीरने मात्र त्या दिवशी तीनदा दाराबाहेर डोकावून पाहिलं.

खरी परीक्षा शेवटच्या दिवशी. डोंगर उतरला की किनाऱ्याने केबिनपर्यंत जायचं. एके ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरलेला. ओहोटीला तेवढी दगडगोट्यांची वाट उघडी पडते, भरतीला गुडुप. वेळ चुकली तर पुढच्या ओहोटीपर्यंत तिथेच बसायचं, नाहीतर समीरकडच्या सॅटेलाइटच्या यंत्रावरून बोट मागवायची. आणि बोट मागवली की पैज गेली. आमच्या हातात वेळ होता, पण उधळायला नव्हता.

कड्याच्या अलीकडेच एक ओढा होता. काकू मधल्या दगडावर घसरल्या आणि थंडगार पाण्यात फतकल मारून बसल्या. लागलं काही नव्हतं. पण समीर पाण्यात धावला, त्यांना काठावर आणलं आणि खांद्यावरून सॅक ओढून स्वतःच्या छातीशी धरली.

"दॅट्स इट, आई. ओव्हर. मी बोट बोलावतो."

काकू ओल्या कपड्यांत उभ्या राहून नुसत्या सॅककडे बघत होत्या. मी त्यांना काकांच्या अंत्यविधीतही इतकं गप्प पाहिलं नव्हतं.

समीर यंत्र काढायला लाकडाच्या ओंडक्यावर बसला, आणि यंत्र काढायचं सोडून त्याने पाणी भरलेले बूट काढले. नवे बूट! मोजे रक्ताने माखलेले, दोन्ही टाचा सोललेल्या. सकाळपासून हा पोरगा त्या पायांनी आईच्या मागे हात पुढे धरून चालत होता, आणि आम्हाला पत्ता नाही. टाचांकडे बघता बघता त्याचा चेहरा वाकडा झाला. छातीशी सॅक धरून तो हमसून रडायला लागला.

"बाबांच्या वेळी मी विमानात होतो, आई. आय लँडेड, अँड ही वॉज गॉन. मला तुझा तसा फोन नकोय. आय कान्ट."

मी पाण्याकडे पाहिलं. भरती सुरू झाली होती. सगळ्यात बाहेरचे दगड दिसेनासे झाले होते. मला वाटलं, आता काकू त्यांचं ते वाक्य म्हणणार. म्हणायलाच हवं होतं, वेळच तशी होती.

काकू त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसल्या. "बस," म्हणाल्या. "आधी नीट रडून घे. कुठे जायचं नाही आपल्याला."

प्रशांतने घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी त्याला असा चिमटा काढला की तोंड तसंच मिटलं. सगळी पैज पाण्यात चालली होती आणि बाई मुलाच्या पाठीवरून हात फिरवत होती. बघता बघता मलाही रडू फुटलं, खोटं कशाला बोलू!

मग काकूंनी त्याच्या टाचा पुसल्या, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. "समीर, फोन तर केव्हातरी येणारच रे. तो मी सांता क्लारात असले म्हणून चुकणार आहे का? तोवर मला माझ्या घरात राहू दे."

समीरने बूट चढवले, उभा राहिला आणि सॅक उचलली. मला वाटलं, स्वतःच्या पाठीला लावतोय. त्याने ती आईच्या मागे जाऊन धरली, लहान मुलांना शाळेचं दप्तर चढवतात तशी. काकूंनी एक हात घातला, दुसरा घातला, पट्टा कमरेला आवळला.

"चल," म्हणाला, "वी आर लेट."

"तू पुढे हो," काकू म्हणाल्या. "आता सगळ्यात हळू तू आहेस."

कड्याखाली पोचलो तेव्हा वाट जेमतेम उरली होती. समीर पुढे लंगडत, मागे काकू, मग आम्ही. एक लाट बुटांवरून गेली, दुसरी नडगीपर्यंत आली. प्रशांत मोठमोठ्याने देवाची नावं घेत होता, आणि घड्याळाकडे एकदाही बघत नव्हता! काकू ओरडत होत्या, "शाब्बास समीर! अजून एक पाऊल! शाब्बास रे!" सत्तरी ओलांडलेली बाई, कपडे ओले, पाठीवर ओझं, आणि आवाज असा की समोरच्या कड्यावरचे पक्षी उडाले. पलीकडच्या वाळूवर पाय टेकले तेव्हा आम्ही चौघंही वेड्यासारखे हसत होतो.

केबिनच्या दारात काकू सॅकसकट उभ्या राहिल्या. उंबरठा ओलांडला, वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी येत नाही."

"आय नो," समीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे परतीची बोट आली. बोट चालवणारी पंचविशीतली एक उत्साही मुलगी होती. टोपीतली म्हातारी बघून ती पटकन उतरली आणि, "मॅम, लेट मी," म्हणत काकूंच्या सॅकला हात घातला.

"नो!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. सगळ्यात मोठ्याने समीर. बिचारी दचकून मागे सरली.

काकू हसायलाच लागल्या. "अरे, घेऊ दे की आता तिला! पोचले ना मी." पट्टे सोडवून त्यांनी सॅक आनंदाने तिच्या हातात दिली. पोरीने ती सहज एका हाताने घेतली, आणि सॅकबरोबर स्वतःही खाली वाकली.

"ओह माय गॉड! हू कॅरिड ऑल धिस?"

"माय मदर," समीर म्हणाला. आणि मग काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, त्या मुलीला एक अक्षर कळणार नव्हतं तरी छाती फुगवून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "माझ्या आईने आणलं. सगळं. एकटीने."