गायकवाड काकांची गाडी स्लो धरत नाही

“अहो शिंदे, तुमच्याकडे ही गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. माझ्या हातात आली की अंगात येतं तिच्या,” असं म्हणत गायकवाड काका गाडी ढकलत माझ्या बिबवेवाडीच्या गॅरेजात शिरले. कपाळावर घाम. मागून काकी हळूहळू येत होत्या. एकाच कम्प्लेंटसाठी काकांची ही तिसरी खेप होती.

कम्प्लेंट अशी, की गाडी स्लो धरत नाही. सिग्नलला आपण रेस सोडतो, तरी इंजिन मंद आवाजात चालू राहायला हवं. पुस्तकात त्याला आयडलिंग म्हणतात, आम्ही स्लो म्हणतो. काकांची गाडी घरून निघाली की थोडा वेळ झकास चालायची. मग सिग्नलला रेस सोडली की बंद. जरा थांबलं की पुन्हा चालू. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल. खडकीच्या कारखान्यात नोकरी असताना काकांनी घेतलेली. त्यांचा मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. “पप्पा, आता शंभर नव्या गाड्या आल्यात, ही विका,” असं तो म्हणायचा आणि मलाही फोन करून तेच सांगायचा. मुलगा चांगला होता. त्याला आईची काळजी होती.

काळजीचं कारणही होतं. काकींना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण डाव्या हाताची बोटं रुसली ती रुसलीच. सुई टोचली तरी कळायचं नाही. फिजिओथेरपीला नियमित जायला हवं होतं. मुलाने रिक्षा ठरवून दिली, तर काकींनी ती परत पाठवली. “पेशंटसारखं नेऊ नका मला. मी यांच्या मागे बसून जाणार.” आणि आता तीच गाडी भर चौकात बंद पडायची. मागून हॉर्नचा गोंधळ. एकदा बस इतकी जवळ येऊन थांबली की काकी घाबरल्या आणि पुढचे काही दिवस गेल्याच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता खंड पडला तर बोटं आखडतील.

त्यामुळे मी गाडीत काही तपासायचं बाकी ठेवलं नव्हतं. पहिल्या खेपेला कार्बोरेटर खोलला. त्यात स्लो जेट असतो, केसाएवढ्या भोकाची पितळी नळी. रेस सोडली की इंजिन तिच्यातूनच पेट्रोल पितं. कचरा बसला की गाडी बंद. जेट साफ केला, ट्रायल घेतली, गाडी घड्याळासारखी चालली. दुसऱ्या खेपेला प्लग बदलला, टॅपेट सेट केले, कुठून हवा तर ओढत नाही ना हे बघायला सगळे जॉइंट तपासले. पुन्हा ट्रायल. गाडी उत्तम. काका घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी फोन, “शिंदे, तुमची लाडकी पुन्हा बसली.”

आणि आज फिजिओला जाताना कोपऱ्यावरच बसली होती.

काकींना स्टूल दिलं. गाडी स्टँडवर लावली. म्हटलं, आधी पेट्रोल तरी आहे का बघू. टाकीवर मरून रेक्झिनचं कव्हर होतं, कडेला पांढरी पायपिंग. झाकणावरही त्याच रेक्झिनची घट्ट टोपी, टिचबटणांनी लावलेली. मी टिचबटणं काढली, झाकण फिरवलं, आणि टाकीने फुस्सकन हवा आत ओढली.

मी जागच्या जागी थांबलो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा त्या भोकातून आत जावी लागते. ते बंद झालं की पेट्रोल अडतं. कार्बोरेटरमधली पातळी उतरते. रेस दिली तर इंजिन कसंबसं ओढून घेतं, स्लोवर त्याला तेवढी ओढ नसते. काकांच्या झाकणाचं भोक त्या टोपीखाली गुदमरलं होतं.

आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण गाडी आली की तेलाचे हात लागू नयेत म्हणून मी सगळ्यात आधी टोपीसकट कव्हर काढून, घडी घालून माझ्या खुर्चीवर ठेवायचो. ट्रायल कव्हराशिवाय. काका न्यायला आले की ते प्रेमाने पुन्हा चढवायचे.

मी काकांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं. वाटलं, ‘सुटलो’ म्हणतील. त्यांचा चेहरा उतरला.

“कव्हर तिने शिवलंय,” ते म्हणाले. “आजारातून उठल्यावर पहिल्यांदा मशीनवर बसली ती यासाठी. डाव्या हाताने कापड सरकवायला किती दिवस लागले मला माहीत आहे. शिंदे, तिला सांगायचं नाही. मी गाडी विकतो.”

“अहो काका, काहीतरीच काय!”

“विकतो म्हटलं ना. तिच्या शिवणामुळे गाडी बंद पडत होती हे कळलं तर पुन्हा मशीनला हात लावणार नाही ती.”

“काय कुजबुज चाललीय?” स्टुलावरून आवाज आला. “माझा हात गेलाय, कान नाही. मघाशी फुस्स झालं ते मीपण ऐकलं.”

काका म्हणाले, “काही नाही गं, कार्बोरेटर.”

“कार्बोरेटर खाली असतो. आवाज टाकीतून आला.” काकी माझ्याकडे वळल्या. “शिंदे, तुम्ही सांगा.”

मग सांगितलं. दुसरं काय करणार? काकी कव्हराकडे बघत राहिल्या. मला माझंच बोलणं नकोसं झालं. घाईघाईने म्हटलं, “पंचने एक भोक पाडून देतो, दोन मिनिटांचं काम.”

“पंच ठेवा तुमच्याकडे. नुसतं भोक पाडलं की रेक्झिन फाटत जातं. काज करावं लागेल.”

“मी करून आणतो टेलरकडून,” काका म्हणाले.

“घरात टेलर असताना?” काकींनी कव्हर काढायला लावलं आणि मांडीवर घेतलं.

काज म्हणजे गुंडीचं भोक, हाताने टाके घालून बांधलेलं. त्यासाठी डाव्या चिमटीत कापड घट्ट धरावं लागतं. बरेच दिवस काका एकटेच, कव्हराशिवाय, गाडीवरून जाताना दिसत होते. मी विचारलं नाही.

मग एका सकाळी दोघं आले. टोपीवर मधोमध काज होतं. वाकडं, एका बाजूला टाक्यांची दाटी. इतकं सुंदर काम माझ्या गॅरेजात कधी आलं नव्हतं, आणि मी तसं म्हणालो. “पुरे,” काकी म्हणाल्या. मी कव्हरासकट गाडी काढली, लांब चक्कर मारून आलो आणि त्यांच्यासमोर रेस सोडून उभा राहिलो. गाडी चालूच. काकींनी डावा हात टाकीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

“अहो,” त्या काकांना म्हणाल्या, “थरथर कळतेय बोटांना.”

काका आरशावरची धूळ पुसत बसले. बराच वेळ. धूळ नव्हती.

तेव्हापासून गाडी आली की मी काही काढत नाही. कव्हर, पिशव्या, हँडलला बांधलेलं जे काही असेल त्यासकट, गिऱ्हाईक चालवतो तशीच आधी एक चक्कर मारतो. पाना नंतर.