पेट्रोलचं सोवळं

पेट्रोलचा वास कधी नीट हुंगला आहे का तुम्ही? हुंगायची वस्तू नव्हे ती, कबूल. पण आळंदच्या आमच्या ओसरीवर सकाळच्या कोवळ्या उन्हात तो डबा उघडला, की एक तीव्र, थंडगार, किंचित गोडसर गंध अंगणभर पसरायचा, आणि दांडीवरच्या ओल्या वस्त्रांचा, तुळशीच्या भिजल्या मातीचा सात्त्विक दरवळ त्याच्यापुढे अगदी बापुडवाणा होऊन जायचा. त्या गंधाची मला विलक्षण ओढ होती. डॉक्टरांच्या बायकोला शोभणारी आवड नव्हे ही; पण आवड काय शोभेला विचारून येते होय!

निजामाच्या अमलातली, गुलबर्ग्याकडची गोष्ट. आमचे हे सरकारी दवाखान्यात डॉक्टर. साऱ्या आळंदात तेव्हा फटफट्या मोजून तीन: एक यांची, दुसरी वकीलसाहेबांची, तिसरी शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांची. शुक्रवारी कचेऱ्या बंद, म्हणून तिघे आमच्या ओसरीवर जमत, आणि मी दाराआड चहाची भांडी उगाच पुन्हा पुन्हा विसळत कान देऊन ऐके. माणसं तीन, यंत्रं तीन, मतं मात्र तीस! वकीलसाहेब सौंदर्याचे उपासक. त्यांनी टाकी मोरपंखी रंगवून घेतलेली, तिच्यावर सोनेरी रेघ. निकेलचा दिवा ते स्वतःच्या उपरण्यानं पुसत. इन्स्पेक्टरांची सारी भिस्त पोशाखावर: कातडी टोपी, जाड काचांचा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे, पायांना पट्ट्या, आणि हा सगळा संभार ऐन वैशाखातही. एका खेड्यात त्यांना त्या वेषात बघून मास्तरांसकट अख्खी शाळा पळाली, असं वकीलसाहेब रंगवून सांगत, आणि इन्स्पेक्टर शांतपणे म्हणत, "पळू द्या की. डोळे माझे शाबूत हायत न्हवं?" आमच्या डॉक्टरांना ना रंगाचं कौतुक, ना पोशाखाचं. त्यांचं म्हणणं एकच: माणूस काय अन् इंजिन काय, दुखणं पोटातून सुरू होतं; पेट्रोल स्वच्छ ठेवा.

पण सगळ्यांत मार्मिक मला वाटे ते बाजाराला तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांचं मत. बैल पारखावा तशी ते फटफटीभोवती प्रदक्षिणा घालत, टाकीवर थाप मारत आणि विचारत, "डाक्टरसाब, ह्याला चारायलाव काय?" एका म्हाताऱ्या अप्पांनी तर तिचे दात बघायला मागितले! आम्ही पोट धरून हसलो. पण त्या प्रश्नात खोट ती काय होती? जे आपल्याला पाठीवर वाहून नेतं, त्याच्या पोटात काय जातं हे विचारणं, याहून शहाणा प्रश्न मला तरी आजवर सुचलेला नाही.

आणि चारायचं काम माझ्याकडे होतं! लढाईचे दिवस ते. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे, तेही तेलवाल्या काशप्पांच्या दुकानी, गुलबर्ग्याहून आलेल्या, तोंडाला डाग देऊन बंद केलेल्या झाळलेल्या डब्यांतून. डब्यात गंज निघे, माती निघे, म्हणून ते गाळून घ्यावं लागे. इन्स्पेक्टर बजावत, नरसाळ्यावर सांबराचं मऊ कातडं धरा. पेट्रोल खाली जातं, पाणी वर अडतं. कातडं! आणि माझ्या घरात! मी आतूनच निरोप दिला, की आमच्याकडे चामडं चपलेपुरतं, तेही उंबऱ्याबाहेर. गाळायला मी यांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेई, आणि दर खेपेला तो आडावर स्वच्छ धुऊन, घट्ट पिळून मगच नरसाळ्यावर बांधी. देवाचं असो की यंत्राचं, गाळायचं ते धुतल्या वस्त्रातून, हे मला आईनं शिकवलेलं शास्त्र. उन्हाळाभर ते फडकं झटकेपर्यंत वाळून जाई, त्यामुळे माझ्या शास्त्राला कुणी हरकत घेतली नाही.

भाद्रपदात मात्र झड लागली. दांडीवर काही म्हणता काही वाळेना. एका मंगळवारी सकाळी मी तशाच दमट फडक्यातून टाकी भरली, आणि दुपारी चार कोसांवरच्या वाडीतून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बहीण गंगव्वा, पहिलटकरीण, पहाटेपासून अडली होती. हे बॅग घेऊन तत्काळ निघाले. निम्म्या वाटेवर, ओढ्याजवळ, फटफटी दोनदा ठसकली आणि गप्प झाली. प्लग पुसला, लाथा मारमारून पाय सुजला. ती काही बोलेना. शेवटी एका शेतकऱ्यानं यांना बैलगाडीत घेतलं. एरवी तिच्या आवाजानं उधळणारे ते बैल त्या दिवशी गाडीमागे बांधलेल्या तिला मुकाट ओढत गेले. दोन तास उशीर झाला. सुईणीनं तिला कसंबसं तगवलं होतं, म्हणून बाळ-बाळंतीण वाचली. आणखी थोडा वेळ गेला असता तर, एवढं म्हणून हे सुजल्या पायाचा जोडा काढू लागले.

शुक्रवारी ओसरीवर कार्बुरेटर उघडला. तळाशी पाण्याचा थेंब, मोत्यासारखा! तिघांचा निवाडा एका क्षणात झाला: काशप्पा पेट्रोलात पाणी घालतो. त्याचा परवाना काढून घ्यावा म्हणून वकीलसाहेब उर्दूत अर्जही लिहू लागले. काशप्पांना बोलावून घेतलं. ते अंगणात टोपी हातात धरून उभे. "देवाशपत डाक्टरसाब, म्या कामून पाणी घालू? डबे झाळलेले येत्यात. परवाना गेला तर पाच लेकरं घिऊन कुठं जाऊ मी?"

दाराआड मी उभी होते. समोर खुंटीला ते फडकं. मी ते गालाला लावलं. तीन दिवस झाले तरी ओलंच! खरं सांगू? शंका मला मंगळवारीच आली होती, आणि मी ती कुणालाच सांगितली नव्हती. भीती वाटली होती, लाज वाटली होती. ज्या पाण्यानं माझं सगळं घर शुद्ध होई, त्याच पाण्यानं पेट्रोल बाटतं, हे माझ्या शास्त्रात कुठे लिहिलं होतं? पण काशप्पांचे ते टोपी चुरगाळणारे हात बघवेनात. तीन परपुरुषांपुढे कधीही न आलेली मी उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि म्हणाले, "त्यांनी न्हाई. पाणी मी घातलंय." आणि ते फडकं यांच्या हातात दिलं.

वकीलसाहेबांनी अर्ज फाडला. यांनी काशप्पांना हात धरून ओसरीवर बसवलं, माफी मागितली आणि मला एवढंच म्हणाले, "आता चहा चौघांचा कर." इन्स्पेक्टरांनी आपल्या पिशवीतलं कातडं काढून उंबऱ्यावर ठेवलं. मी ते उचललं. सगळे गेल्यावर कुतूहल आवरेना, म्हणून ते नरसाळ्यावर ताणून वाटीभर पेट्रोलात चमचाभर पाणी घालून ओतलं. पेट्रोल निमूट खाली उतरलं आणि पाणी वर थरथरत राहिलं. अगं बाई! इतकी सोपी गोष्ट, आणि मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

दिवाळीनंतर गंगव्वा बाळाला घेऊन आली. मी तेव्हा पेट्रोलच गाळत होते. ती म्हणाली, "अक्का, त्या दिशी कान लावून पडले होते बघा. फटफट वाजंल म्हणून. आवाजच येईना." मी तिलाही सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हसलीही नाही. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. हाताला वास येतोय, धुऊन येते, म्हणून मी उठू लागले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पाणी नगं."

त्याला कितीतरी वर्षं झाली. तो वास आजही कुठे आला की माझी पावलं थबकतात. आणि चहा असो, तूप असो, काहीही गाळायला फडकं हातात घेतलं, की मी आधी ते गालाला लावून बघते.