कॉफी निवेपर्यंत

हॅनोव्हर सोडून जाताना कोणाला गहिवरून आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गाव नीटनेटकं आहे, एवढंच त्याच्याविषयी म्हणता येईल. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी अदनान आणि मी न्युरेम्बर्गच्या गाडीत बसलो, तेव्हा मला तरी बरंच वाटलं होतं. मला न्युरेम्बर्गचा किल्ला पाहायचा होता. अदनानला आपल्या काकांकडून वडिलांच्या मरणाची हकीकत काढून घ्यायची होती. तिकीट दोघांचं सारखंच होतं.

अदनान वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. मी पुण्याहून यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेला, तो पॅलेस्टाईनहून वीज-अभियांत्रिकी शिकायला. अठ्ठेचाळीस साली त्याच्या गावात सैन्य शिरलं आणि वडिलांसकट बरीच माणसं मारली गेली. तो तेव्हा आईच्या कडेवर होता. उरलेली माणसं नाब्लुसजवळच्या निर्वासित छावणीत गेली. गेल्या जूनमधल्या, म्हणजे सदुसष्टच्या, युद्धात ती छावणीही इस्राएली सैन्याच्या ताब्यात गेली, आणि त्या आठवड्यात जो घरी हजर नव्हता त्याला परत यायला मज्जाव झाला. अदनान त्या आठवड्यात प्रयोगशाळेत होता. आता आईकडे जायचा एकच रस्ता राहिला होता. तो जॉर्डन नदीतून, अंधारात, बंदूक खांद्यावर घेऊन जाणारा होता. एप्रिलमध्ये त्या रस्त्याने जायचं त्यानं ठरवून टाकलं होतं.

वडील टेकडीवर शेवटच्या गोळीपर्यंत लढले, असं छावणीत सगळे सांगत. पण मरताना त्यांच्याजवळ असलेला आणि आज जिवंत असलेला माणूस एकच, हे काका. ते स्वतः कैद भोगून आलेले, पण काही बोलत नसत. "डिप्लोमा घे, मग सांगतो," एवढंच म्हणत.

"गेनाऊ (अगदी बरोबर), तेच तर आहे," अदनान म्हणाला. "ऐकल्याशिवाय मी जाणार नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून सांगत नाहीत. दाव्यानं बांधून ठेवलंय मला."

आमच्या घरी नेमका उलटा प्रकार. माझे एक चुलते गोव्याच्या सत्याग्रहात लाठ्या खाऊन, तुरुंगात राहून आले. तेव्हापासून लग्न असो की मुंज असो, जेवणं झाली की ते सुरू होतात, आणि लाठ्यांची संख्या दर मुंजीला वाढते. तुरुंगात जाऊन आलेला माणूस गप्पही बसू शकतो, ही माहिती मला नवीन होती.

गॉटिंगेनला एक म्हाताऱ्या बाई डब्यात आल्या. विणकाम काढता काढता त्यांनी चौकशी केली. मी भारतातला म्हटल्यावर "फार उकाडा!" एवढं म्हणून त्यांनी मला निकालात काढलं. अदनाननं पॅलेस्टाईन म्हणताच मात्र त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"पवित्र भूमी! येशूचा देश! घरची आठवण येत असेल, नाही?"

"हो," अदनान म्हणाला.

"मग जाऊन का येत नाही?"

अदनान म्हणाला, "सुट्टी मिळत नाही."

बाईंना वाईट वाटलं. त्यांनी पिशवीतून सफरचंद काढून त्याला दिलं. मला दिलं नाही. भारतही पवित्र असल्याचं त्यांना कोणी सांगितलेलं दिसलं नाही.

न्युरेम्बर्ग स्टेशनवर काका घ्यायला आले होते. धिप्पाड माणूस, डोक्यावर हॅट, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. ते इथल्या एका कारखान्यात वेल्डिंग करतात. त्यांना सगळे अबू नबील म्हणतात, म्हणजे नबीलचे वडील; त्यांच्याकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. काकांचं जर्मन 'माहल्त्साइट' (जेवणाच्या सुट्टीतला रामराम) आणि 'फायराबेंड' (काम सुटण्याची वेळ) या दोन शब्दांत संपतं, असं अदनाननं मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ते अरबीत बोलत आणि अदनान मला जर्मनमध्ये सांगे.

न्युरेम्बर्ग महायुद्धातल्या बॉम्बफेकीत जमीनदोस्त झालं होतं. ते पुन्हा जुन्यासारखंच नवं बांधलंय, आणि काम इतकं चोख की जुनं कुठलं नि नवं कुठलं हे ओळखायला माहितगार लागतो. आम्ही धापा टाकत किल्ल्यावर पोचलो आणि दरवाजा आमच्या तोंडावर बंद झाला. रखवालदारानं दिलगिरी दाखवली नाही, वेळापत्रक दाखवलं. किल्ला मी बाहेरून पाहिला. बाहेरून चांगला आहे.

काकांच्या घरी जाताना ट्राममधून एक अवाढव्य इमारत दिसली. महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर, लाखो माणसं मारल्याबद्दल, खटला चालला ते हे न्यायालय. मी उठून खिडकीशी गेलो. काका काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, रोज इथूनच कामावर जातो. या थांब्यावर बरेच लोक उतरतात, मग बसायला जागा मिळते."

काकांचं घर म्हणजे कामगारांच्या चाळवजा इमारतीतल्या दोन खोल्या. भिंतीवर एकच फोटो, नबीलचा. त्याला गेल्या उन्हाळ्यात सैनिकांनी घरातून उचललं. कुठल्या तुरुंगात आहे हे समजायलाच त्याच्या आईला एकामागून एक तुरुंगांच्या दारात उभं राहावं लागलं. काकांनी हे भांडी मांडता मांडता सांगितलं. स्वतःविषयीही थोडं सांगितलं. गाव पडल्यावर त्यांना ट्रकमध्ये घालून काटेरी तारेच्या छावणीत नेलं. तिथे कैद्यांना कामाला लावत, तिथेच ते वेल्डिंग शिकले. इथल्या मुकादमानं विचारलं, शिकलात कुठे? तर म्हणाले, सरकारी नोकरीत, राहणं-जेवण धरून. यावर ते स्वतःच मोठ्यानं हसले. गावाविषयी, भावाविषयी अक्षर काढलं नाही.

रविवारी दुपारी त्यांनी मुजद्दरा केला (मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर भरपूर तळलेला कांदा). मी मांसाहार करत नाही म्हणून मुद्दाम केला. आमच्या खिचडीची ही सख्खी मावशी. मी तीनदा वाढून घेतला. काका खूश झाले आणि मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं, तेही परदेशात आल्यापासून पहिल्यांदाच.

जेवणं झाल्यावर अदनान खाली मान घालून काहीतरी बोलला. काय विचारलं ते भाषा येत नसूनही कळलं. काका लगेच उठले आणि कॉफी करायला लागले. वडिलांचा विषय निघाला की ते कॉफी करतात, हेही मला गाडीत कळलेलं होतं.

कॉफी आली. पाहुणा म्हणून पहिला कप मला. त्याला फिंजान म्हणतात: कान नसलेला इवलासा कप. खाली बशी नाही. आता आमच्या घरी चहा काय, कॉफी काय, बशीत ओतायची, फुंकर घालायची आणि मग प्यायची. त्याशिवाय ती प्यायल्यासारखी वाटतच नाही. इथे कप हातात धरवेना, आणि बशी मागणं बरं दिसेना. मी कप टेबलावर ठेवला आणि हातांची घडी घालून तो निवायची वाट पाहत बसलो.

काका आपला कप उचलणार होते, ते थांबले. माझ्या कपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग अदनानला त्यांनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं.

"केळकर," अदनान म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, "तू कॉफी का पीत नाहीस?"

"गरम आहे. जरा निवू दे."

त्यानं क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं. मग काकांकडे वळून तो बोलायला लागला. माझी दोन वाक्यं अरबीत बरीच लांब होतात, असं तेव्हा माझ्या मनात आलं. बोलणं संपलं तरी काका माझ्याकडे पाहतच होते. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी कपाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," अदनान पुटपुटला. मी हात मागे घेतला. दुसऱ्याच्या घरच्या रीतीभाती, आपण कशाला बोला.

मग काका बोलू लागले. टेबलाकडे पाहत, न थांबता, रेल्वेची वेळ सांगावी तशा आवाजात. एकदा त्यांनी दोन्ही हात पसरून कसली तरी लांबी दाखवली. एकदा हवेत गोल काढला. एकदा स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच ठेवून बराच वेळ बोलले. अदनाननं एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, घरातलंच काही दुखणं असेल; आपण बाहेर जावं का? पण पाहुण्यानं मधेच उठणं बरं नव्हे म्हणून बसून राहिलो.

शेवटी काका थांबले आणि त्यांनी हातानं मला खूण केली: घ्या. मी कॉफी एका घोटात संपवली. गारढोण झाली होती, आणि तिच्यात साखरेचा कण नव्हता.

स्टेशनवर काका पोचवायला आले. अदनान गाडीत खायला पाव घेऊन येतो म्हणून गेला. फलाटावर आम्ही दोघंच. मी हातवाऱ्यांनी जेवणाचं कौतुक करायला सुरुवात केली.

"कॉफी फारच गरम होती का?" काकांनी विचारलं.

जर्मनमध्ये विचारलं. इथल्या फ्रँकिश वळणाच्या, स्वच्छ जर्मनमध्ये, कारखान्यातल्या कोणत्याही माणसासारखं.

"हो," मी कसंबसं म्हटलं. "आमच्याकडे बशी असते."

"बशी आणून ठेवीन." मग ते म्हणाले, "कोणीतरी पाहुणा येईल आणि माझी कॉफी प्यायचं नाकारील, याची मी फार वर्षं वाट पाहत होतो."

हा काय प्रकार आहे ते विचारायच्या आत अदनान पाव घेऊन आला. काकांनी त्याला मिठी मारली आणि अरबीत दोन शब्द बोलले. गाडी सुटली.

 अदनाननं सगळं सांगितलं. त्यांच्याकडे मोठी मागणी घेऊन आलेला माणूस कॉफी पुढे ठेवली तरी पीत नाही. सोयरीक असो, खुनाचा समेट असो. यजमानानं मागणं मान्य केलं की मगच कप तोंडाला लावायचा. न पिता कोणी उठून गेला तर त्या घराचं नाक कापलं जातं.

"आणि मी काय म्हणालो?"

"तू म्हणालास, मी या मुलासाठी शब्द टाकायला हॅनोव्हरहून आलोय. त्याचे वडील कसे मेले ते सांगितल्याशिवाय मी तुमची कॉफी पिणार नाही." तो हसला आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सुंदर बोललास."

मला आधी राग आला. मग पुढचं ऐकलं आणि राग कुठल्या कुठे गेला.

वडील टेकडीवर लढले नव्हते. ते शाळामास्तर, चिमणीवरसुद्धा कधी दगड उचलला नव्हता. बंदूक काकांची. टेकडीवर लढले तेही काकाच. गाव पडल्यावर त्यांनी ती दोन्ही घरांच्या पाव भाजायच्या सामाईक भट्टीत लपवली. सैनिकांना ती सापडली. गल्लीत तोवर प्रेतं पडली होती; पाणी आणायला निघालेल्या बायकाही त्यांत होत्या. उरलेल्या पुरुषांना शाळेच्या भिंतीशी उभं करून विचारलं, बंदूक कोणाची? काका पाऊल उचलणार तोच शेजारी उभ्या असलेल्या भावानं त्यांचं मनगट धरलं, हळूच म्हणाला, "तुझी चार, माझं एक," आणि स्वतः पुढे झाला. त्याला भिंतीमागे नेलं. काकांना ट्रकमध्ये चढवलं.

"चार म्हणजे मुलं," अदनान म्हणाला. "नबील आणि त्याची भावंडं. ते एक म्हणजे मी."

 असा हिशेब करणाऱ्या माणसाचा मुलगा माझ्यासमोर बसला होता.

"मग आता एप्रिल?"

"एप्रिलच. आता तर दावंही नाही." मग तो डोळे पुसत म्हणाला, "पण म्हाताऱ्याला फसवलं मी, केळकर. रीतीत अडकवून त्याच्या तोंडून काढलं."

मी गप्प राहू शकलो असतो. पण माझ्या नावावर एक भाषण आधीच झालं होतं, आता खरं तेवढं बोलावं असं वाटलं. काका फलाटावर काय म्हणाले ते मी त्याला शब्दशः सांगितलं.

"कोणत्या भाषेत म्हणाले?"

"जर्मनमध्ये. तुझ्यापेक्षा बरं बोलतात."

 'गरम आहे, जरा निवू दे' हे माझे शब्द काकांना त्या टेबलावरच समजले होते. मला काही मागायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी सांगितलं. हे अदनानच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटताना मला दिसलं. त्यानं तोंडावर हात दाबून धरला.

वुर्त्सबुर्ग आलं तसा तो उठला, कोट घातला आणि उतरला. समोरच्या फलाटावर न्युरेम्बर्गकडे जाणारी गाडी लागायची होती. मी खिडकी खाली केली.

"हॅनोव्हरला कोणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, घरी गेलाय."

पुढचा प्रवास मी एकट्यानं केला. दोघांचा पाव मीच खाल्ला. परदेशात माणसं, वास्तू, खाणंपिणं सगळं पाहून होतं; पण एका घरातलं सर्वांत जड बोलणं आपल्या देखत चालू असावं आणि आपण कॉफी निवायची वाट पाहत बसावं, असं प्रवाशाच्या वाट्याला क्वचित येत असेल. माझ्या मनात मात्र अभिमान नव्हता, धास्ती होती. तो मला फार आवडतो, आणि एप्रिल जवळ होता.

वसतिगृहाच्या दारात हाउसमाइस्टर (इमारतीची देखभाल पाहणारा) भेटला. म्हातारा मूळचा श्लेझियाचा; त्याचं गाव आता पोलंडमध्ये आहे. तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन चालला होता.

"दुसरा कुठे?"

"घरी गेला."

तो थांबला. अदनानला घरी परतायला मज्जाव आहे, हे त्याला माहीत होतं.

"घरी? कुठे?"

"न्युरेम्बर्गला. काका आहेत त्याचे."

"आल्झो (असं तर)," म्हातारा म्हणाला, आणि किल्ल्या चाळू लागला. "मग त्याच्या खोलीतलं हीटिंग बंद करतो. रिकाम्या खोलीत उगाच कोळसा."

"नको," मी म्हटलं. "चालू राहू द्या. तो परत येणार आहे."