विजेच्या गाडीची मागची सीट

अकोल्याच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल मांडून मी आयुष्यभर अर्ज लिहीत आलो आहे. शाळा नववीत सुटली. परंतु माझ्या हातचा अर्ज साहेबाने न वाचता बाजूस सारला, असे सहसा घडलेले नाही. पक्षकार अडखळत बोलू लागतो, मी त्याचे वाक्य पुरे करतो आणि तो मान हलवितो, अशी आमच्या कामाची रीत आहे. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, वकीलसाहेबांच्या बाबतीत जे मला कित्येक महिने दिसले नाही, ते या रीतीमुळेच दिसले नाही.

वकीलसाहेब माझे जुने स्नेही. पत्नी निवर्तल्यापासून ते एकटेच राहत. बाबा फार विसरू लागले आहेत, असा पुण्याच्या मुलीला संशय होता. येत्या रविवारी ती येणार होती आणि घराला कुलूप लावून त्यांना पुण्यास न्यावयाचे की नाही, हे माझ्या शब्दावर ठरविणार होती. काका, तुम्ही त्यांना रोज बघता, असे ती फोनवर म्हणाली. साहेबांची बुद्धी शाबूत आहे, असे मी निःशंकपणे कळविले. साहेबांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. एकदा ते मला म्हणाले, "तिथं मले कोणी ओयखत नाई, अर्जनवीस. माणूस जित्तेपणी मेल्यासारखं होते ते."

त्याच आठवड्यात अमरावतीबाहेर, बडनेरा स्टेशनाजवळ, मोटारींचे प्रदर्शन भरले. विजेवर चालणारी एक स्पोर्ट्स कार तेथे आली असून ती चालवून पाहता येते, हे साहेबांनी वर्तमानपत्रात वाचले. मोटार हा त्यांचा जुना षोक. मी विचार केला की, अनोळखी गाडी, परका रस्ता आणि त्रयस्थ साक्षीदार. याहून चोख पुरावा मुलीपुढे कोणता ठेवणार? आम्ही सकाळच्या गाडीने बडनेऱ्यास उतरलो.

मंडपात काळे कापड अंथरले होते आणि थंडी अशी सोडली होती की बाहेरचे वैशाखाचे ऊन खोटे वाटावे. ती गाडी राखेच्या रंगाची, जमिनीला लागून पसरलेली होती. कंपनीच्या मुलीने साहेबांना वय, पत्ता, सवय असे काहीबाही विचारले. सर्व उत्तरे मी दिली. साहेबांनी मान हलविली आणि मी बोट ठेवले तेथे सही केली.

पुढे साहेब आणि ती मुलगी बसली. पुढची सीट वाकवून मला मागे सरकविण्यात आले. तेथे दोन माणसांची जागा नावापुरती होती. मी उजव्या बाजूस गुडघे पोटाशी घेऊन बसलो. गाडी सुरू केव्हा होणार, असे मी विचारले. मुलगी हसून म्हणाली, "काका, आपण निघालोय."

खरोखरच मंडप मागे सरकत होता.

नागपूर रस्त्याला लागल्यावर साहेबांनी असा वेग घेतला की माझी पाठ गादीत रुतली, आणि तरीही आवाज म्हणून नव्हता. आमच्याकडे गाडी आली की रस्ता ती अंगावर घेतो. कुत्री धावतात, बाया पदर सावरून कडेला होतात, कोणीतरी शिवी हासडतो. त्या दुपारी तसे काहीही झाले नाही. बकऱ्यांचा कळप डांबराच्या कडेने चालला होता; एकाही बकरीने मान वर केली नाही. डोक्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा घेतलेली एक बाई माझ्या काचेपासून हातभर अंतरावर होती. मी तिच्या डोळ्यांत पाहिले. ती माझ्यामधून पलीकडचे शेत पाहत राहिली. मी काचेवर थाप मारली. ती थाप मलासुद्धा नीट ऐकू आली नाही. आपण या लोकांना दिसत आहोत काय, असा प्रश्न मनात आला आणि तो विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

साहेबांचे हात मात्र स्टिअरिंगवर स्थिर होते. त्यांनी आरसा किंचित वळविला आणि विचारले, "ऊन लागून रायलं काय तुले?"

मला ते सदैव 'तुमी' म्हणत. तरीही सवयीने मीच उत्तर दिले, की नाही साहेब, ठीक आहे. आरशातले डोळे माझ्याकडे वळले नाहीत. ते माझ्या डाव्या हाताच्या रिकाम्या जागेवर होते.

तिवशाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. तेथे पुलाचा एक अर्धवट खांब आणि वाळलेले गवत, एवढेच होते. साहेब उतरले, खांबासमोर उभे राहिले आणि सहज गिऱ्हाइकाच्या स्वरात म्हणाले, "बिना बरफाचे दोन द्या."

पूर्वी तेथे रसवंती होती. पत्नीच्या माहेरी, नागपूरला जाताना ते जोडीने तेथे थांबत, हे त्यांच्याच तोंडून मी ऐकलेले होते. कंपनीची मुलगी मोबाईलमध्ये पाहत होती. सर काही शोधत आहेत का, असे तिने मला विचारले; माझ्याजवळ, बहुधा प्रथमच, वाक्य नव्हते. साहेब उन्हात पुरेसा वेळ थांबले. मग दोन्ही मुठी गोलसर धरून, काहीही सांडू नये अशा बेताने परतले, सीटवर बसून मागे वळले आणि उजवी मूठ माझ्या खांद्यावरून पलीकडे पोचविली.

"घे," ते म्हणाले. "हळू. भरला हाय."

मी अंग चोरून वाट दिली.

परतीचा रस्ता त्यांनी निर्दोष कापला. सर किती छान चालवतात, असे कंपनीच्या मुलीने उतरताना दोनदा म्हटले. पुरावा माझ्या बाजूने झाला होता. त्याच वेळी साहेबांच्या मोबाईलवर पुण्याचा फोन आला. एरवी तो मी घेई, दोन शब्द साहेबांच्या वतीने सांगे आणि मग त्यांच्या कानाशी धरी. त्या दिवशी मी तो सरळ त्यांच्या हाती दिला आणि तोंड मिटून उभा राहिलो. जिभेवर वाक्ये तयार होती; ती मी गिळली.

साहेब उत्साहाने बोलू लागले. गाडीचा रंग, तिचा वेग, रस्ता, सर्व बिनचूक सांगितले. मग म्हणाले, "तुही आई दमली जराशी. मांगं उन्हात बसली होती ना. देऊ काय तिले?"

आणि त्यांनी फोन माझ्या शेजारी, जेथे कोणी नव्हते तेथे पुढे केला. तो तसाच अधांतरी राहिला. त्यातून "बाबा, बाबा" असा बारीक आवाज येत होता. अखेर मी तो घेतला.

"ताई," मी म्हणालो, "रविवारची वाट पाहू नका. आजच निघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना समजले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मैदानाच्या फाटकाकडे चालताना ते आमच्या दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून चालत होते, आणि स्टेशन येईपर्यंत ती जागा मीही मोडली नाही.