पंखाखालची सोळा भोकं

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. पोशीर, सुतारदादांची शेड, सकाळी साडेनऊ.
हजर: बाबा (वय एक्क्याऐंशी), सुतारदादा, कर्जतचे गादीवाले चाचा, मी. गैरहजर कुणी नाही.

माझ्या वहीतलं पान असंच सुरू होतं. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, त्यामुळे घरीही तीच सवय. त्या पानावर एकच काम लिहिलं होतं: दोन्ही पंखांची शेवटची तपासणी. खूण करायची आणि जेवायच्या आत घरी, असा माझा बेत होता.

पंख ग्लायडरचे होते. दोन माणसांचं, बिनइंजिनाचं, लाकूड आणि कापडाचं जुनं शिकाऊ विमान. बाबा भिवपुरीला वीजकेंद्रात नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी घाटावर जाऊन याच जातीच्या ग्लायडरवर उडायला शिकवत. हे एक आम्हाला खालापुरात एका बंद गोदामात मिळालं. मालक ते सरपणाला देणार होता. दोन वर्षांपूर्वी धड आणि पंख सुटे करून टेंपोच्या दोन खेपांत पोशीरला आणलं.

ते पुन्हा उडावं असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हतं. बाबांना हवं होतं ते वेगळंच. त्यांच्या काळी नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी वर नेत नसत. ग्लायडर मैदानात वाऱ्याकडे तोंड करून दोरानं बांधायचं आणि त्याला आत बसवायचं. ग्लायडर उभं राहतं एकाच चाकावर, त्यामुळे सोडलं की एक पंख जमिनीला टेकतो. पण समोरून जोराचा वारा असला तर पंखांच्या टोकाच्या झडपा फिरवणारा दांडा डावी-उजवीकडे हलवून दोन्ही पंख अधांतरी समतोल धरता येतात. ते जमलं की मग आकाश. फेब्रुवारीत, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा बाबांना एकदा तसं बसायचं होतं.

त्यांच्या हातांना कंप आहे. मागच्या हिवाळ्यात कप बशीवर वाजायचा. यंदा शर्टाची बटणं मी लावून देते. त्याच्या पुढच्या वर्षाचं कुणी बोलत नव्हतं.

या ग्लायडरमध्ये दोघं एकामागे एक नाही, शेजारी-शेजारी बसतात. त्यामुळे धड रुंद होतं, वाऱ्याला अडतं, वेग कमी पडतो. मी एकदा विचारलं होतं की मग असं का बांधलं. बाबा म्हणाले, मागे बसलं तर पोराचं नुसतं डोकं दिसतं. शेजारी बसलं की त्याचा हात कधी आवळतो, श्वास कधी अडकतो, सगळं कळतं. वेगाचं काय करायचंय, शिकवायचंय ना.

पंखाची रचनाही मला तेव्हाच समजली. पुढचा भाग पातळ प्लायनं बंद केलेला, पेटीसारखा, म्हणजे पंख पिळला जात नाही. त्यामागे ओळीनं फासळ्या, बोटाएवढ्या काड्या तिरप्या चिकटवून केलेल्या. वरून सुती कापड आणि ते ताणून धरणारा लेप. खिळे जवळजवळ नाहीतच, सगळं गोंदावर.

त्या सकाळी बाबांनी डाव्या पंखापासून सुरुवात केली. नजर अधू झाल्यामुळे ते अंगठ्यानं बघतात. पंखाच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूनं अंगठा फिरवत टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“भोकं कुठायत गं?”

“बुजवली,” मी म्हटलं. “मे महिन्यातच. एका पंखाला आठ, सोळाच्या सोळा.” वहीत तसं होतंच. पावसाआधी: शेडवर ताडपत्री, पंख जमिनीपासून दोन फूट वर, भोकं लांबी (पुट्टी) भरून बंद. तिन्हीवर खूण.

बाबांनी अंगठा कडेवरून काढून घेतला. मग म्हणाले, “विमान आहे गं ते. कौलारू घर नाही.”

पंख आतून पोकळ. रात्री गार पडला की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते निथळून जावं आणि हवा खेळावी म्हणून सगळ्यात खालच्या जागी ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. मी चार महिन्यांचा पाऊस आत कोंडून ठेवला होता. कारखान्यात नळ्यांची तोंडं बंद करून ठेवतात, घरी मे महिन्यात भिंतीची भेग दिसली की भरतात. विचारावंसं मला वाटलंच नाही.

सुतारदादा माझ्या मदतीला आले. “ताई म्हनल्या बुजव, आमी बुजवली. आमच्याकडं पावसाच्या आधी भोक दिसलं का बुजवायचंच. नायतर बायको आमालाच भायेर काढते.”

बाबा हसले नाहीत. सुतारदादांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पंख ठोकत नेला. टक, टक, टक. आणि मधेच एक बसका आवाज. पुढे आणखी एक. सुटलेला गोंद असा बोलतो. वाऱ्यात पंख वर ओढला जातो तेव्हा सगळा भार या फासळ्यांवर येतो. अशा पंखात बाबांना बसवणं शक्य नव्हतं.

कापड फाडल्याशिवाय आतलं दिसणार नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. अडचण एवढीच की ते कापड चाचांनी शिवलं होतं. चाचा टेंपोच्या सीटा आणि गाद्या शिवतात. पंखाचं काम त्यांनी तीन महिने, दुकान बंद झाल्यावर, वाकड्या सुईनं हातानं केलं होतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत वहीत काहीतरी लिहीत होते. त्यांनी माझ्या पिशवीतलं ब्लेड स्वतःच काढून घेतलं.

“शिवलं मी, तर उसवणार पण मीच. तुम्ही ओढाल आणि सगळं वाटोळं कराल.”

अर्ध्या तासात खालचं कापड सुटलं. आतून नासलेल्या दुधाचा वास आला. जुना गोंद दुधापासूनच बनवलेला असे, ओल लागली की बुरशी धरतो. पेटीच्या तळाशी प्लाय काळं पडलं होतं. बाबांनी हात आत घालून एकेक फासळी हलवून पाहिली आणि मी मोजत गेले. वीसपैकी सात सुटलेल्या. एक तर त्यांच्या हातातच आली. ती हातात धरून ते उभे राहिले. हाताबरोबर फासळीही थरथरत होती.

“बाबा, चुकलं माझं,” मी म्हटलं.

“ते लिहून ठेव,” ते म्हणाले. “आणि ड्रिल दे दादाला.”

आम्ही दुपारी जेवलो तिथेच, सुतारदादांच्या ओटीवर. संध्याकाळपर्यंत आठ भोकं मोकळी झाली होती. प्रत्येक भोकाला बाबांनी अंगठा लावून पाहिला. वहीतली मेमधली खूण मी खोडली नाही, शेजारी ‘चूक’ लिहिलं. नवीन पान काढलं आणि या वेळी प्रत्येक ओळ बाबांना वाचून दाखवली. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवून कारण सांगितलं. कारणही लिहिलं.

आज जानेवारीचा दुसरा रविवार. डाव्या पंखाच्या सातही फासळ्या पाणी न धरणाऱ्या गोंदानं बसल्या. प्लायचा काळा भाग कापून दादांनी नवा तुकडा घातला, तिरपा सांधा इतका बेमालूम की बाबांच्या अंगठ्यालाही सापडला नाही. चाचांनी कापड पुन्हा शिवलं, लेप वाळून कापड ताठ झालं. शेतात जमिनीत दोर बांधायला खुंट्या ठोकल्यात.

उजव्या पंखाची भोकं त्याच आठवड्यात मोकळी केली, पण कापड अजून उघडलेलं नाही. दादांनी ठोकून पाहिला, दोन ठिकाणी आवाज बसका आहे. दादा म्हणतात, दोनच हायत. बाबा म्हणतात, वारा दोन की सात विचारत नाही. डाव्याला नऊ आठवडे लागले. उजव्यासाठी हातात पाच आहेत, तेही वारा वेळेवर आला तर. चाचांच्या दुकानात लग्नसराईच्या गाद्या पडल्यात, तरी रोज संध्याकाळी दोन तास देतो म्हणालेत. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे.

निघताना बाबांनी बटण लावून घेता घेता विचारलं, “उजवा कधी?”

वहीत शेवटची ओळ आहे: उजवा पंख, कापड उघडणे. पुढचा चौकोन रिकामा आहे.