डाव्या हाताने करून पाहिलेलं

प्रकल्प निवडायची सभा सुरू झाली की सर आपली कापडी पिशवी टेबलावर सरळ उलटी करत. आमच्या चहाच्या कपांमध्ये फाटके पुठ्ठे, डिंकाने लडबडलेली चाकं, मोडक्या काड्या येऊन पडत. मग कोणी काहीही सुचवो, त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "हे पोट्टा करन, का त्याचा बाप करन?"

तुमच्याही शाळेत किंवा कचेरीत असा एक जण असेल. त्याच्यामुळे सभा लांबते आणि बाकीचे घड्याळाकडे पाहत सुस्कारे टाकतात. सुस्कारे टाकणाऱ्यांत मी पहिली, कारण सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत उपक्रम समिती माझ्या गळ्यात मारलेली होती.

सर विज्ञान शिकवत आणि रोज कुहीहून बसने येत. सातवीसाठी सुचलेली प्रत्येक कल्पना ते आधी स्वतः करून पाहत, तीही डाव्या हाताने, शाळेच्या बोथट कात्रीने, एका तासिकेत. आपला डावा हात तो पोरांचा उजवा, असं ते म्हणत. एकदा तीन बोटांना पट्ट्या बांधून आले आणि पेरिस्कोप बाद झाल्याचं त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं. आम्ही हसलो. तेही हसले, पण पेरिस्कोप बादच राहिला.

त्यांच्या शेवटच्या वर्षी मात्र त्यांनी स्वतःच एक कल्पना आणली. सातवीची खिडकी पश्चिमेची. मार्च लागला की दुपारच्या उन्हाने त्या बाजूची मुलं बाकं सरकवत पार समोरच्या भिंतीला टेकत. त्या खिडकीला मुलांनीच वाळ्याची ताटी करावी, बांबूच्या कमच्या, सुतळी, वर भोकं पाडलेली पाण्याची नळी, असा बेत होता. डाव्या हाताने करायला त्यांना तीन तासिका लागल्या होत्या, आणि आपलाच नियम मोडल्याची कबुली त्यांनी आधीच देऊन टाकली. निवृत्त होण्याआधी मुलांनी एक तरी वस्तू वापरायला म्हणून करावी, शोभेला नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

समोर दुसरी सूचना होती आपोआप झाकण उघडणाऱ्या कचरापेटीची. तिचे सुटे भाग खोक्यात तयार मिळतात, सोबत माहितीचा कागदही असतो. प्रदर्शनाला पाहुणे येणार होते आणि मुख्याध्यापकांना काहीतरी नव्या जमान्याचं हवं होतं. मला दुपारी मतदार याद्यांच्या कामाला जायचं होतं, घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडलेला होता. ताटी म्हटली की वाळा आणा, बांबू आणा, कोणाचं बोट कापलं की पालकांना उत्तरं द्या. मी कचरापेटीपुढे खूण केली.

सरांनी आपला पसारा पिशवीत भरला. दाराशी थांबून म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. थकल्या माणसानं पोट्ट्यायसाठी काही निवडू नये."

राग मी मानला. चांगले आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं बोललं की झोंबतं, तसं ते झोंबलं होतं.

प्रदर्शनात कचरापेट्या ओळीने मांडल्या होत्या. पाहुण्यांनी एका मुलीला विचारलं, हे झाकण उघडतं कसं? ती शांतपणे म्हणाली, "आतलं बाबाले माहीत आहे. ते गाडी लावून राहिले."

सगळे हसले. मी सरांकडे पाहिलं नाही. आता ते मला काहीतरी ऐकवणार याची मला खात्री होती. पण पाहुणे पुढे सरकल्यावर ते त्या मुलीला घेऊन टेबलामागे फरशीवर बसले, पेचकस तिच्या हातात दिला आणि पेटी तिलाच उघडायला लावली. अर्ध्या तासाने ते माझ्याकडे आले.

"बंद पडली," ते म्हणाले. "पण काहून बंद पडली, थे पोट्टीले समजलं."

त्या मार्चात सातवीच्या खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. स्टुलावर चढून ती सरांनीच चिकटवली. खळ मी धरली होती. मला माफी मागायची होती, पण तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. एप्रिलअखेर त्यांचा निरोप समारंभ झाला. तिथे मी भाषण केलं, पण माफीचं तोंडातून आलं नाही ते नाहीच.

यंदाची सभा बारा मिनिटांत आटोपली. मी यादीतला पहिला प्रकल्प वाचला, कोणी काही विचारलं नाही, मी खूण केली. चारच्या आत घरी होते. चहा ठेवताना सरांची फार आठवण आली, अगदी डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच्याही आधी, सभेतून निघताना, आज लवकर सुटले म्हणून मला बरं वाटलं होतं.